खारसरचा काळा रंग

आलारखा खत्री या रंगाऱ्याने खारसरच्या विहिरीचे पाणी चाखले आणि पुढचा प्रवास रद्द करून तिथेच मुक्काम ठोकला. त्याचा मुलगा सुमार. त्याने त्या पाण्यात गंज आणि गूळ मुरवून असा काळा रंग काढला, की कापड धुऊन धुऊन बाईचे हात थकत, पण काळेपणा जागचा हलत नसे. सुमारचा मुलगा हासम. लागोपाठ तीन वर्षे पावसाने पाठ फिरवली तेव्हा त्याने घरातली तांब्याची भांडी मोडली, बायकोच्या पायातले कडे मोडले, पण हिरडा कमी घातलेले वीतभर कापडही दाराबाहेर जाऊ दिले नाही. आणि या हासमची मुलगी जेनाबाई. हासमला मुलगा नव्हता. त्याने पुतण्याला जावई केले, घर त्याच्या नावावर केले, आणि रंगाचा अधिकार मात्र मुलीच्या हाती दिला.

तो अधिकार जेनाबाईने बेचाळीस वर्षे गाजवला. नवरा होता तेव्हाही, आणि तो गेल्यावर तर विचारायलाच नको. पहाटेची नमाज आटोपली की ती अंगणाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या मातीच्या मडक्यापाशी जाई. मडक्यात जुने खिळे, बैलगाडीच्या लोखंडी धावेचे तुकडे, गूळ आणि पाणी यांचे आंबवण असे. वरचा फेस बोटाने बाजूला सारून ती तेच बोट जिभेला लावी. मग क्षणभर डोळे मिटून उभी राही आणि निकाल देई : ‘आज घ्या’, किंवा ‘अजून दोन दिवस’. तिचा मुलगा इलियास आणि चार कारागीर हात बांधून ऐकत, ‘जी अम्मा’ म्हणत आणि मागच्या अंगणातल्या छपराखाली कामाला लागत. पूर्वी ती स्वतः भट्टीपर्यंत जात असे. गुडघे धरल्यापासून मडक्यापर्यंतच जाई. परगावचे गिऱ्हाईक आले तर ती मुद्दाम त्याच्यासमोर बोट चाटी आणि म्हणे, “आमचा रंग लोकांच्या अंगावर जायच्या आधी आमच्या पोटात जातो.”

अशा बाईच्या उजव्या स्तनाखाली, दोन उन्हाळ्यांपूर्वी, रुपयाएवढा तांबडा चट्टा उठला.

पहिल्यांदा तिने तो घामाने आलेला मानला. पावडर लावली. पावसाळा गेला तरी चट्टा गेला नाही. उलट तो पसरला, डाव्या बाजूलाही उठला, वर सरकत स्तनाग्रापर्यंत पोहोचला. कातडी भेगाळली, भेगांतून पाणी झिरपू लागले, आणि त्या पाण्याला वास येऊ लागला. खाज तर अशी की, चारचौघांत बसली असताना तिला ओढणीच्या आत मूठ आवळून धरावी लागे. ज्या बाईने सासऱ्यासमोरही कधी डोके खाली घातले नव्हते, ती कपाटाचे दार उघडून त्याच्या आड उभी राहून अंग खाजवू लागली. याहून मोठी मानहानी तिच्या लेखी दुसरी नव्हती.

घरात हे एकट्या झुलेखाला, सुनेला, ठाऊक होते. रोज दुपारी जेवणे झाली, पुरुष पांगले, की खोलीला आतून कडी लागे. जेनाबाई भिंतीकडे तोंड करून बसे आणि झुलेखा हलक्या बोटांनी कधी कडुनिंबाचा लेप, कधी खोबरेल लावी. सुनेचा हात मऊ होता. तो लागला की जेनाबाईचा जीव थोडा निवे. सोळा वर्षांत सासू-सुनेत जेवढे बोलणे झाले नव्हते, तेवढे या दुपारींत झाले.

“हकीमाकडे जा,” एकदा जेनाबाई म्हणाली, “आणि सांग, कोपरावर चट्टा आहे.”

“कोपराचं औषध तिथे कसं चालेल, अम्मा?”

“कातडी ती कातडीच. साठी उलटलेल्या विधवेच्या छातीची चर्चा हकीमाच्या ओट्यावर व्हायला नको.”

हकीमाने कोपराचे मलम दिले आणि वर निरोपही दिला. झुलेखाने तो हसू दाबत सांगितला, “म्हणाले, जेनाबाईंना सांगा, लोडावर कोपर टेकून हुकूम सोडणं जरा कमी करा.” त्यावर जेनाबाई इतकी हसली की, भेगा ताणून डोळ्यांत पाणी आले. झुलेखाने ते पदराने टिपले.

मलमाने काही झाले नाही. मग औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याने दिलेली नळी आणली. तिने आठ दिवस बरे वाटले, नवव्या दिवशी दुपटीने पेटले.

जेनाबाईने तरीही आणखी काही महिने रेटले असते. पण पुतणीच्या साखरपुड्यात म्हातारी खतुबाई तिला कडकडून भेटली आणि लगेच मागे सरली. नाक वाकडे करून, साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जेना, अंगाला कसला गं वास? पाणी महाग झालंय का तुमच्या खारसरात?” बायका हसल्या. जेनाबाईही हसली. घरी आल्यावर तिने इलियासला सांगितले की, चष्म्याचा नंबर वाढला आहे, उद्या झुलेखाला घेऊन भूजला जाते.

भूजच्या त्या दवाखान्यात कातडीची डॉक्टरीण बसे. अंजारिया आडनावाची, वयाने झुलेखाएवढी, डोळ्यांत मिस्कीलपणा असलेली बाई.

“किती दिवस झाले, बा?”

“झाले असतील चार-पाच दिवस,” जेनाबाई म्हणाली.

“दोन वर्षं,” झुलेखा खालमानेने म्हणाली, आणि सासूची नजर चुकवून पडद्याकडे बघू लागली.

पडद्यामागे जेनाबाईने चोळीचे बंद सोडले. नवरा आणि अंगावर प्यायलेले एकुलते एक मूल, यांच्याखेरीज हे शरीर कोणी पाहिले नव्हते. सून पाहत होती, पण ती घरची. जेनाबाईने मान वळवली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तारखा वाचायला घेतल्या. डॉक्टरणीने दिवा जवळ ओढला. बराच वेळ पाहिले.

“इतकं होईपर्यंत थांबलात?”

“रस्ता लांब आहे, बेटा.”

“खारसरहून तासाभराचा.”

“लाज धरून मोजला तर दोन वर्षांचा.”

डॉक्टरीण हसली नाही. तिने आधी वाईट दुखण्याची शंका फेडून घेतली. टाचणीच्या टोकाएवढा तुकडा तपासणीला पाठवला, छातीचा फोटो काढायला लावला. आठ दिवसांनी दोन्ही निर्मळ निघाले. जेनाबाईने तिथेच खुर्चीत बसून हात उचलले आणि आभार मानले. पण डॉक्टरीण थांबली नाही. तिने चोळीचे टोक चिमटीत धरले.

“हे कापड कुठलं, बा?”

“कुठलं म्हणजे? आमचं. अंगाला लागणारी चोळी बाहेरच्या कापडाची शिवायची नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे.”

“मला याच्या रंगाची शंका येते.”

जेनाबाई ताठ झाली. “रंगात काय असतं ते सांगू? लोखंड, गूळ, हिरडा आणि चिंचोक्याचं पीठ. मी रोज सकाळी चाखते. तुम्ही तुमची औषधं चाखता?”

“नाही. फार कडू असतात,” डॉक्टरीण म्हणाली. “चिडू नका. कापड जिथे घट्ट बसतं, घाम जिथे साचतो, बरोब्बर तिथेच चट्टे आहेत. करून बघू. कापडाचे तुकडे आणा. पाठीवर चिकटवते, दोन दिवसांनी काढते. त्वचा स्वतःच बोलेल. तुमचं कापड निर्दोष निघालं तर माझ्या चोळ्यांचं कापड तुमच्याकडून.”

“लिहून ठेवा,” जेनाबाई म्हणाली. “सहा चोळ्यांचं.”

आता तिला दुखण्याची फिकीर राहिली नव्हती. एका परक्या पोरीने आलारखा, सुमार आणि हासम यांच्या नावावर बोट ठेवले होते, आणि ते बोट तिला खाली घ्यायला लावायचे होते. घरी जाऊन तिने स्वतःच्या हाताने तुकडे कापले. एक बापाने तिच्या लग्नात रंगवलेल्या कापडाचा, पन्नास वर्षे पेटीत जपलेला. दोन आताच्या मालातले. एक नुसते कोरे, बिनरंगाचे. प्रत्येक तुकडा तिने नखाएवढा, काटकोनात कापला.

“राहू द्या ना, अम्मा,” झुलेखा म्हणाली. “डॉक्टरणीने मलम दिलंय, त्यानं होईल बरं. पाठीची कशाला आणखी परीक्षा?”

“परीक्षा पाठीची नाही, घराची आहे.”

“घराला कोण काय म्हणतंय?”

“ती म्हणाली ना. तू ऐकलंस.”

सुनेला आपली दया येते, असे जेनाबाईने मनात धरले आणि तिला बरे वाटले.

तुकडे पाठीवर चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर दोनच जागा पेटल्या. जेनाबाईने स्वतःला सांगितले की, चिकटपट्टीने होत असेल. तिसऱ्या दिवशी डॉक्टरणीने पट्ट्या सोडवल्या आणि दोन आरसे धरून तिला तिचीच पाठ दाखवली. बापाच्या कापडाखालची कातडी स्वच्छ होती. कोऱ्या कापडाखालची स्वच्छ होती. आताच्या मालाच्या दोन तुकड्यांखाली मात्र चौकोनी, लालभडक, बारीक फोडांनी भरलेले दोन शिक्के उठले होते. काटकोन अगदी नीट उतरले होते.

“दोन दिवसांनी पुन्हा बघेन, पण बदलणार नाही काही,” डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. “हा बाजारातला रासायनिक काळा आहे, बा. कोणाला चालतो, कोणाला नाही. तुम्हाला नाही चालत.”

“तसला रंग आमच्या घरात येत नाही.”

डॉक्टरणीने वाद घातला नाही. हात धुता धुता म्हणाली, “तुम्ही एकट्या नाहीत. दोन-अडीच वर्षांपूर्वी तुमच्याच बाजूची एक मालधारी, गुरं राखणाऱ्यांतली बाई आली होती. अंगावर पाजणारी. असेच चट्टे, असंच काळं कापड. मी म्हटलं, रंगाऱ्याला जाऊन विचार. म्हणाली, विचारलं. जे उत्तर मिळालं ते पुन्हा ऐकायला जाणार नाही.”

डॉक्टरणीने नाव सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. ते उत्तर जेनाबाईनेच दिले होते.

वेजूबाई रबारी. तिच्या घराण्याचे काळे कापड तीन पिढ्या खारसरच्या खत्र्यांकडून जात होते. दुसऱ्या कोणाकडून घेतले असते तर तिच्या सासरी बोलणी बसली असती. कडेवर तान्हे मूल घेऊन ती अंगणात आली होती आणि म्हणाली होती, “मासी, तुझं कापड डसतं गं. छाती सोलून निघालीय. पोराला घेता येत नाही.” त्या दिवशी नेमक्या अकरा बायका अंगणात कापड निवडत बसल्या होत्या. जेनाबाईने मडक्यात बोट बुडवले होते, चाटले होते, आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले होते, “रंगाला दोष देऊ नकोस, वेजू. अंग धुवायला शीक.” बायका हसल्या होत्या. वेजूबाईने कापडाची घडी ओट्यावर ठेवली आणि ती निघून गेली. त्यानंतर त्या घराण्यातले कोणीही खारसरला आले नव्हते. ‘गेली तर गेली,’ असे जेनाबाईने इलियासला सांगितले होते. तेव्हा इलियास गप्प का बसला होता, हे तिला आता या दवाखान्याच्या खुर्चीत बसून उमगू लागले.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर झुलेखा बसली होती. ओढणी वाऱ्याने सरकली तेव्हा आतली चोळी दिसली. गिरणीचे कापड, पिवळ्यावर निळी फुले. गेल्या वर्षी सुनेने ही असली कापडे घालायला सुरुवात केली तेव्हा जेनाबाईने तिला चार बायकांत सुनावले होते. आज ती फुले तिने नव्याने पाहिली. सारी वाट ती तेवढेच पाहत राहिली.

घरी पोहोचल्यावर दुपारच्या वेळी नेहमीप्रमाणे कडी लागली. झुलेखा मलम घेऊन आली. जेनाबाई भिंतीकडे तोंड करून बसली नाही. ती दाराकडे तोंड करून बसली.

“गेल्या वर्षी तू गिरणीचं कापड घालायला लागलीस. मी कारण विचारलं तेव्हा काय म्हणालीस?”

“फुलं आवडतात म्हटलं होतं.”

“खरं काय होतं?”

झुलेखाच्या हातातली नळी दबली. मलमाचे एक वेटोळे जमिनीवर पडले. “मला काखेत उठलं होतं, अम्मा. कापड बदललं तर आठ दिवसांत गेलं.”

“आणि माझ्या चोळ्या कोण शिवत होतं?”

“मी.”

“कुठल्या कापडाच्या?”

झुलेखा खाली बसली.

“स्वतःच्या अंगावरून उतरवलंस,” जेनाबाई म्हणाली, “आणि माझ्या अंगावर चढवलंस. आणि रोज दुपारी याच हातांनी मला मलम लावलंस.”

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, अम्माला कळलं तर ती जगायची नाही. मी रोज ठरवायची, आज सांगते, आज सांगते. तुमची पाठ बघितली की जीभ आत जायची.” झुलेखा रडत होती, पण रडता रडता एकदम तिचा आवाज चढला, “तुमच्याशी काही बोलायचं तर आधी तुमची परवानगी लागते, अम्मा. या घरात कोण तुम्हाला सांगणार होतं, तुमचा रंग खोटा झालाय म्हणून?”

“तू. कडी लावलेल्या खोलीत तू सांगणार होतीस. माझी लाज मी तुझ्या हातात दिली होती. त्याहून मोठी परवानगी कुठली असते?”

झुलेखाने जमिनीवर पडलेले मलम पदराने पुसून काढले.

जेनाबाई उठली. सात-आठ वर्षांत ती मागच्या छपराखाली गेली नव्हती. आज ती भिंतीला हात टेकत गेली. हिरड्याच्या वासाची तिला सवय होती. इथे डोळ्यांत झोंबणारा, परका वास होता. लोखंडी पिंपात काळे पाणी उकळत होते. कोनाड्यात चकचकीत पुड्या रचून ठेवल्या होत्या. कारागिरांनी तिला पाहिले आणि काठ्या जागच्या जागी थांबल्या. इलियास लगबगीने पुढे आला.

“अम्मा, तू कशाला आलीस इथे? गुडघे...”

“किती दिवसांपासून?”

तो समजला. खोटे बोलण्याचा त्याने प्रयत्न केला नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. “तीन वर्षं. विहिरीचं पाणी खारं झालं, अम्मा. आणखी खोल खणली तर अधिकच खारं लागलं. काळा रंग राखेसारखा यायला लागला. दोन गठ्ठे परत आले, ते मी तुला न दाखवता जाळले. मग एकाने ही पुडी सांगितली. कोणाला फरक कळला नाही.”

“वेजूला कळला.”

“एका बाईला.”

“मला कळला. तुझ्या बायकोला कळला. आम्ही किती जणी झालो की तू मोजायला घेणार होतास?”

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?” इलियासचाही धीर सुटला. “सांग ना! विहीर गोड केली असतीस?”

“आलारखा जिथे पाणी होतं तिथे थांबला. पाणी गेल्यावर तू तिथेच बसून राहिलास. घर उचललं असतं. या वयात माझ्या डोक्यावर मडकं घेऊन चालत गेले असते.” आणि तो शब्द उच्चारल्यावर ती स्वतःच थबकली. “इलियास, ते मडकं?”

“कुठलं?”

“ज्यात मी रोज बोट घालते. त्याची चव बिघडली नाही कधी. विहीर खारी झाली, तर ते गोड कसं राहिलं?”

मागे उभ्या असलेल्या कारागिरांपैकी कोणीतरी खाकरले. इलियासने मान खाली घातली.

“त्यात टँकरचं गोडं पाणी घालतो. दर पंधरवड्याला गूळ टाकतो. ते तुझ्यासाठी ठेवलंय, अम्मा. कापड त्यात जात नाही.”

तीन वर्षांच्या साऱ्या सकाळी जेनाबाईच्या डोळ्यांसमोरून गेल्या. मिटलेले डोळे, जिभेवरचे बोट, ‘आज घ्या’. आणि हात बांधून उभे असलेले हे पाच पुरुष, ज्यांतला हारून नावाचा तरुण तर तिने स्वतः शिकवून तयार केलेला. ‘जी अम्मा,’ म्हणून ते इथे येत होते आणि पिंपात पुडी ओतत होते. लहान मुलाला रडू नये म्हणून हातात रिकामी वाटी द्यावी, तसे तिला ते मडके दिले होते. तिच्या छातीची आग याच्यापुढे काहीच नव्हती. ती कातडीपर्यंतच होती.

ती रडली नाही. रडण्यासाठी कोणाच्या तरी खांद्याची गरज लागते, आणि घरातले सारे खांदे या कामात गुंतलेले होते.

“आग विझवा,” ती म्हणाली.

“अम्मा, चार ठिकाणचा माल द्यायचा आहे.”

“ज्यांना द्यायचा आहे त्यांना मी कळवीन. खारसरचा काळा रंग संपला. तुला पुडीनं रंगवायचं असेल तर खुशाल रंगव. पण तसं पाटीवर लिही, आणि आलारखाचं नाव खाली उतरव.”

“लोक हसतील.”

“हसू देत. तू माझ्यावर तीन वर्षं हसत होतास.”

“हसलो नाही, अम्मा. कसम. मला वाटलं, तुझं मन राखतोय.”

“माझं मन तू राखलंस आणि माझा शब्द विकलास. यातलं माझं काय होतं, ते तुला कधी कळलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी झुलेखा मलम घेऊन दारात उभी राहिली. “ठेव तिथे,” जेनाबाई म्हणाली. त्या दिवसापासून तिने मलम आपल्याच हाताने लावले. हात पुरत नसे तिथे राहू दिले. तिने पांढऱ्या गिरणीच्या कापडाच्या दोन चोळ्या गावातल्या शिंपिणीकडून शिवून घेतल्या. इलियास रोज संध्याकाळी खाटेच्या पायथ्याशी येऊन बसे. ती तसबीहचे मणी ओढत राही, आणि तो उठून जाई. तिसऱ्या आठवड्यात भेगा मिटल्या. कातडी धरली, पण तिथे जळल्यासारखे काळपट, सुरकुतलेले डाग राहिले. ते जाणार नाहीत असे नाही, वेळ लागेल, असे डॉक्टरीण म्हणाली. जेनाबाई म्हणाली, “घाई नाही. मला ते एकीला दाखवायचे आहेत.”

वेजूबाईची वांढ, म्हणजे रबाऱ्यांची वस्ती, खारसरपासून दोन कोसांवर होती. “मी येते सोबत,” झुलेखा म्हणाली. “गाडी काढतो,” इलियास म्हणाला. जेनाबाईने दोघांनाही नको म्हटले आणि शेजारच्या गावी जाणाऱ्या छकड्यात जागा घेतली.

सकाळचे दूध काढून झाले होते. पिलूच्या झाडाखाली बायका लोकर विंचरत बसल्या होत्या. वेजूबाईने तिला लांबूनच ओळखले, पण उठली नाही.

“कोण, जेनामासी? वाट चुकलीस वाटतं. जपून ये, आमच्याकडे आंघोळीची पद्धत नाही.”

दोघी-तिघी फिसकन हसल्या. जेनाबाई त्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“त्या दिवशी माझ्या अंगणात अकरा बायका होत्या, वेजू.”

“मी मोजायला नव्हते आले. रडायला आले होते.”

“तुझ्याकडच्या सगळ्यांना बोलाव. अकरांहून कमी नकोत.”

वेजूबाईने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिले. मग झोपड्यांच्या दिशेने हाक मारली. सासवा आल्या, जावा आल्या, पोरीबाळी आल्या. सतरा-अठरा जणी झाल्या. पुरुष गुरांमागे गेलेले होते. जेनाबाईने ओढणी खांद्यावरून काढून घडी केली आणि खाली ठेवली. पांढऱ्या चोळीचे बंद सोडले. सूर्याच्या स्वच्छ उजेडात, माना उंचावून बघणाऱ्या त्या बायकांसमोर, ती तशीच ताठ उभी राहिली. तिचे हात बाजूला सरळ सोडलेले होते.

“बघा,” ती म्हणाली. “हे माझ्या घरच्या कापडानं झालं. वेजूला असंच झालं होतं. ती माझ्या दारात आली, तर मी तिला म्हटलं, रंगाला दोष देऊ नकोस, अंग धुवायला शीक. वेजू स्वच्छ होती. घाण माझ्या घरात होती. माझ्या मुलानं खोटा रंग घातला, माझ्या सुनेनं तो झाकला, आणि मी शहाणी मडकं चाखत बसले. तिचं पोर आईच्या दुधाला मुकलं ते माझ्या घमेंडीनं. त्या दिवशी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते. आजही तसंच बोलतेय.”

कोणी हसले नाही. एक म्हातारी पुटपुटली, “दिसलं गं बाई. झाक आता.”

“वेजूनं म्हटल्याशिवाय नाही.”

वेजूबाई उठली. जवळ आली. डागांकडे तिने सावकाश, एकेक करून पाहिले, जसे कोणी आपल्या हरवलेल्या जनावराच्या अंगावरची खूण पटवून घेते.

“पोर दोन महिने शेळीच्या दुधावर काढलं,” ती म्हणाली. “मी गावोगाव हिंडते, मासी. तुझं नाव कुठेही खराब करू शकले असते.”

“केलं नाहीस. म्हणून तर देणं वाढलं.”

“आणि तुझ्या घरच्यांनी तुझं फेडलं?”

“ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी माझं द्यायला आले.”

वेजूबाईने हात पुढे केले आणि जेनाबाईच्या चोळीचे बंद आपल्या बोटांनी बांधले, वरून खाली, एकेक. शेवटची गाठ आवळून ती मागे वळली आणि जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“फिटलं. सगळं फिटलं.”